मालगाडी कशी सुटते

मानवी संस्कृतीचा सगळा इतिहास शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: सूत्रं कोणाच्या हातात असावीत. साम्राज्यं या प्रश्नावरून उभी राहिली आणि याच प्रश्नावरून कोसळली. आमच्याकडे हा प्रश्न प्लायवूडच्या दोन फळ्यांपुरता होता, आणि त्या फळ्या जालन्यात एका गच्चीवरच्या खोलीत, बंद पडलेल्या कूलरशेजारी मांडलेल्या होत्या.

खोली मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, रेल्वेतले. आयुष्यभर स्टेशनं सांभाळली आणि शेवटची काही वर्षं बदनापूरला काढून निवृत्त झाले. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. ते मला सर म्हणतात, मी त्यांना मास्तर म्हणतो, आणि आमच्या दोघांच्या घरचे आम्हाला जे म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला. आम्ही बदनापूर स्टेशन बांधायला घेतलं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, पण फलाट, पाण्याची टाकी, लिंबाचं झाड आणि मालगाडी बाजूला काढायचा जादा रूळ, सगळं जागच्या जागी.

त्याला कोणी खेळण्यातली गाडी म्हटलं की मास्तरांना राग यायचा. मला यायचा नाही, कारण ती खेळण्यातलीच गाडी होती. फक्त दोन म्हातारी माणसं एखादी गोष्ट इतक्या गंभीर चेहऱ्याने करू लागली की तिला दुसरं नाव द्यावं लागतं. मास्तर ‘मॉडेल’ म्हणायचे. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, ‘वरचा पसारा’ म्हणायच्या.

सुरुवातीला आमच्याकडे साधा ट्रान्सफॉर्मर होता. त्याची मूठ फिरवली की रुळांत वीज वाढायची आणि रुळांवर जे काही असेल ते पळायचं. दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळायची. स्टेशन म्हटलं की एक गाडी थांबून राहते आणि दुसरी निघून जाते. आमच्या बदनापुरात एकतर सगळ्या निघायच्या किंवा सगळ्या थांबायच्या.

“सर, हे स्टेशन न्हाई,” मास्तर म्हणाले. “हा संप आहे.”

तेव्हा डिजिटल पद्धत घ्यायचं ठरलं. त्यात रुळांत वीज कायम सारखीच असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढं सर्किट बसवायचं, प्रत्येकाला एक नंबर द्यायचा, आणि रुळांमधूनच हुकूम सोडायचा की अमुक नंबरने निघावं, बाकीच्यांनी गप उभं राहावं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मास्तरांचा चेहरा उजळला. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. फक्त तेव्हा ऐकणारी माणसं होती, त्यामुळे निकाल इतका खात्रीचा नसायचा.

कुठली पद्धत घ्यायची, यात आमचा एक अख्खा हिवाळा गेला. तीन मार्ग होते. एक, हातात मावणारा डबा, त्याला गोल फिरणारी मूठ आणि काही बटणं. दुसरा, सगळं संगणकाला जोडायचं. तिसरा, वाय-फायवरून फोन. मी फोनच्या बाजूने होतो. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे त्याला महत्त्व आलं. माझं म्हणणं सरळ होतं: फोन दोघांच्याही खिशात आहे, वेगळा डबा लागत नाही, आणि वायरीत पाय अडकत नाही. मास्तरांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. मास्तरांची मान आडवी हलली की चर्चा संपायची.

“काचेवर बोट घासून गाडी चालत असती का सर? हाताला काहीतरी लागाय पाहिजे.”

“तुम्ही कुठे गाडी चालवली मास्तर? तुम्ही झेंडा दाखवायचे.”

“म्हणूनच म्हणून राह्यलो. झेंड्याला काठी असती.”

मूठवाला डबा घ्यायचं ठरलं. माझा एक माजी विद्यार्थी परदेशातून सुट्टीवर आला, त्याच्या बॅगेतून तो आला. इतिहासाच्या प्राध्यापकाला एवढी तरी गुरुदक्षिणा कोणी देतं, हे कळून मास्तरांना माझ्याबद्दल थोडा आदर वाटला असावा.

डबा बसवण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. फळीच्या खालून दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत न्यायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक वायर सोल्डरचा डाग देऊन जोडायची, नाहीतर लांबच्या टोकाला गाडी दमते. मी फळीखाली उताणा पडून डाग द्यायचो आणि मास्तर वरून सांगायचे, “लाल लालला, काळी काळीला, बराबर?” एकदा मी काळी लालला दिली. डब्याने चीं करून वीज तोडली आणि मास्तर म्हणाले, “अपघात. जबाबदारी निश्चित झाली.” जालन्याच्या धुळीमुळे रूळ रोज पुसावे लागायचे. पुसले नाहीत तर इंजिन मधेच विचारात पडायचं.

पण खरं काम त्याच्या पुढचं होतं. इंजिनाच्या सर्किटात नंबर घातलेले खाने असतात. एका खान्यातला आकडा ठरवतो की चाक हलायला किती वीज लागावी. दुसऱ्यातला, वेग किती सावकाश चढावा. तिसऱ्यातला, थांबताना किती रेंगाळावं. आमच्या मालगाडीला डिझेल इंजिन होतं. अमेरिकन बनावटीचं, पण आपल्याकडची जुनी डिझेल इंजिनंही मूळ अमेरिकन वळणाचीच, त्यामुळे रंग दिल्यावर ते आपल्यातलं वाटू लागलं. त्यात छोटा स्पीकर होता. आमची दोघांची एकच इच्छा होती: ही मालगाडी बदनापूरच्या जादा रुळावरून खऱ्या मालगाडीसारखी सुटावी.

ती कशी सुटते हे मला माहीत नव्हतं. मास्तरांना माहीत होतं. ते खुर्चीत बसून डोळे मिटायचे, मी आकडा बदलायचो आणि मूठ फिरवायचो.

“न्हाई. लगेच हलली. माल भरलाय सर, वरात न्हाई ही.”

मी आकडा वाढवायचो.

“आता आवाज आणि गाडी एकदमच आले. आधी आवाज चढला पाहिजे. इंजिन कण्हलं पाहिजे. वाटलं पाहिजे की आता काही हे निघत न्हाई. मंग पहिला डबा ताणतो, मंग दुसरा. मंग ती निघती.”

असं कितीतरी दुपारी चाललं. मी कुठे काही लिहून ठेवलं नाही; आकडे इंजिनाच्या पोटात होते आणि पसंती मास्तरांच्या कानात. मार्च संपत आला तेव्हा एके दिवशी मी मूठ फिरवली आणि इंजिन कण्हत राहिलं. इतका वेळ कण्हलं की मी मूठ सोडणार होतो. मग पहिल्या डब्याचा बारीक टक् असा आवाज आला, मग दुसऱ्याचा, आणि गाडी सरकली. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि रिकामा उजवा हात आडवा बाहेर धरला, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत. मग खाली बसून म्हणाले, “गेली.”

मी पुष्कळ सत्कार पाहिले आहेत, काहींत मला शालही मिळाली आहे. पण कोणी माझ्या कामाला उठून उभं राहिल्याचा तो एकच प्रसंग.

त्यानंतर धोंड्याचा महिना आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा पंचांगातला जादा महिना, साधारण तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला बोलावून धोंडे, अनारसे खाऊ घालतात आणि वाण देतात. या महिन्यात जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण. आमचं घर आजोबांपासून बौद्ध, त्यामुळे आमच्याकडे हा महिना येतो आणि जातो, जावयांना काही विशेष वाटत नाही. मास्तरांकडे मात्र तयारी पंधरा दिवस आधीपासून होती. मलाही जेवायला बोलावणं होतं. मधले काही दिवस मी पुतण्याच्या जमिनीच्या मोजणीसाठी अंबडला गेलो होतो. मोजणी झाली नाही, हे सांगायची गरज नाही.

परत आलो तो थेट जेवणाच्या दिवशी. जावई आदल्या दिवशीच पुण्याहून आलेले. सॉफ्टवेअरमध्ये आहेत, बोलायला मऊ, माणूस म्हणून वाईट नाहीत. पाटाभोवती रांगोळी, समईसारखी उभी माणसं. वहिनींनी ओवाळलं, मास्तरांनी चांदीचं निरांजन आणि अनारशांचं ताट पुढे केलं. जावयांनी संकोचून ते घेतलं, आणि जावयाने जितका संकोच करायचा असतो तितकाच केला. धोंडे उत्तम झाले होते.

हात पुसत मास्तर म्हणाले, “चला सर, वर चला. जावईबापूंनी आपल्याला काय आणलं बघा.”

वर गेलो. मूठवाला डबा जागेवर नव्हता. त्याच्या जागी एक पांढरी चपटी पेटी, तिला हिरवा दिवा. जावयांच्या हातात फोन होता.

“आता सगळं ॲपवर, सर,” जावई म्हणाले. “एकदम क्लीन सेटअप केला. आधी सगळी इंजिनं रिसेट केली, जुनं काही शिल्लक नको म्हणून.”

इंजिन रिसेट करणं अगदी सोपं असतं. आठव्या खान्यात आठ लिहायचं. इंजिन सगळं विसरतं आणि कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसं होतं. माणसांसाठी अशी सोय असावी असं मला पूर्वी वाटायचं.

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते आत्ता म्हणतील की अरेरे, हे मला माहीत नव्हतं. ते सांगतील की त्या आकड्यांत काय होतं.

“डबा जुना का घेतला होता पण?” जावयांनी सहज विचारलं. “आजकाल सगळे फोनवरच घेतात.”

“सरांचा हट्ट,” मास्तर म्हणाले. “सर जुन्या वळणाचे. इतिहासाचे ना. त्यांना हाताला काहीतरी लागाय पाहिजे.”

हे ते माझ्या समोर म्हणाले. माझ्याकडे न बघता, पण आवाज बिलकुल न अडखळता. खोटं बोलताना माणूस जरा तरी चाचरतो अशी माझी समजूत होती. ती पुस्तकी निघाली.

“चालवू का?” जावयांनी विचारलं, आणि काचेवर अंगठा वर सरकवला.

मालगाडी उडाली. कण्हणं नाही, ताण नाही. उंदीर पळावा तसं इंजिन पळालं, मागून डबे फरफटत गेले, आणि स्पीकरमधून आवाज आला तोवर गाडी लिंबाच्या झाडापर्यंत पोचली होती.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. “वा! काय पिकअप आहे!”

स्टेशनांच्या फलाटांवर वर्षानुवर्षं उभं राहून मालगाड्या सोडलेल्या माणसाने मालगाडीच्या पिकअपचं कौतुक केलं. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की हट्टाचं खोटं किरकोळ होतं. ते आपण सासऱ्याचं म्हणून सोडून दिलं असतं. पण टाळी त्या कानाने वाजवली होती, ज्या कानावर विसंबून मी काही लिहून ठेवलं नव्हतं.

एवढ्यात वहिनी आरतीचं ताट घेऊन वर आल्या. नवीन वस्तू आली, पूजा व्हायला पाहिजे. त्यांनी पांढऱ्या पेटीला कुंकू लावलं, इंजिनाला लावलं, आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून रुळांनाही दोन्ही बाजूंनी चिमूटभर वाहिलं. जावयांनी पुन्हा अंगठा सरकवला. गाडी फलाटापर्यंत आली आणि कुंकवावर येऊन मेली.

“नेटवर्क,” जावई म्हणाले. “जालन्याला नेटवर्कचा प्रॉब्लेमच आहे.”

“हाय ना,” मास्तर म्हणाले. “लई प्रॉब्लेम हाय.”

या पेटीला गावाच्या नेटवर्कशी काही देणंघेणं नव्हतं. ती खोलीतल्या खोलीत फोनशी बोलते. पण जालन्याने आजवर पुष्कळ आरोप सोसले आहेत, हाही सोसेल. मी म्हणालो, “कुंकवातून वीज जात नाही. रूळ पुसा.”

“अगं बाई,” वहिनी म्हणाल्या, “मंग सांगायचं ना आधी. देवाचं पुसायचं का आता?”

“पुसा, पुसा,” मास्तर घाईने म्हणाले आणि माझ्या हातात फडकं दिलं. मग जावयांकडे वळून, थोड्या अभिमानाने: “सरांना यातलं सगळं येतं. मी लावलंच हाय त्यांना कामाला.”

मी रूळ पुसले. ते पुसायला हवेच होते. गाडी पुन्हा उडाली. मी पान खाल्लं, जावयांना पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल विचारलं, आणि घरी आलो.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. मास्तरांचे फोन आले, मी उचलले. तब्येत, पाणी, लाइट यांवर बोलणं झालं. ‘वरच्या’ गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. मग एका सकाळी ते स्वतःच आले, छत्रीची गरज नसताना छत्री घेऊन. बायकोने चहा ठेवला.

“पडली सर,” ते म्हणाले.

“कोण?”

“मालगाडी. खाली फरशीवर. इंजिनाचा पुढचा भाग गेला थोडा.” त्यांनी चहाकडे पाहिलं. “त्या ॲपात गाडी चालू होती आणि जावईबापूंचाच फोन आल्ता. फोन आला की ॲप मागं जातं, गाडी चालूच राहती. आता फोन घ्यावा तर गाडी, गाडी धरावी तर जावई.”

“मग?”

“मंग काय. जावई घेतला.”

मी हसलो नाही. हसायला हरकत नव्हती.

“माझा अंगठा पण घेत न्हाई ती काच,” ते म्हणाले. “बोटं गुळगुळीत झालीत. सर, आपला डबा माळ्यावर ठेवलाय मी. जपून ठेवलाय. तो परत लावू. तुम्ही आकडे भरा, मी सांगतो कशी सुटली पाहिजे ते.”

“तुम्ही तर टाळ्या वाजवल्या मास्तर.”

त्यांनी छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. “धोंड्याचा महिना होता सर. त्या महिन्यात न्हाई कसं म्हणायचं?”

“न्हाई म्हणू नका. हो कशाला म्हणायचं ते विचारतोय.”

“चुकलं,” ते म्हणाले.

ते ‘चुकलं’ मला हवं होतं असं मी समजत होतो. आलं तेव्हा पुरलं नाही. मी म्हणालो, “मला काही नको. जावयांना एवढंच सांगा की मूठवाला डबा तुमच्या पसंतीचा होता. सरांचा हट्ट नव्हता.”

“एवढंच ना? आत्ता सांगतो.” त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला. काच अंगठा घेईना, मग नंबर मी लावून दिला, स्पीकरवर टाकला आणि टीपॉयवर ठेवला.

“हां जावईबापू. नमस्कार. कामात न्हाई ना?”

“नाही नाही, बोला. गाडी कशी चाललीय?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं, म्हणजे त्यांना सोपं जाईल.

“गाडी ना,” ते म्हणाले. “एकदम मस्त चालून राह्यली. हे काय, आता सरांकडंच बसलोय. सर पण म्हणून राह्यले, आधीच ॲप घ्यायला पाहिजे होतं.”

फोन बंद झाला. मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि सावकाश प्यायला. बशी रिकामी झाल्यावरही ते ती धरून बसले. कीव करावी अशी स्थिती होती, आणि ती मला करता आली नाही. जाताना दारात म्हणाले, “मंग उद्या येता ना?” मी म्हणालो, बघतो. हे उत्तर आमच्याकडे ‘नाही’ या अर्थाने देतात, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

ते गेल्यावर मला एक गोष्ट खुपत राहिली. आकडे मला पुन्हा भरता आले असते. पण गाडी बरोबर सुटली की नाही हे ठरवायला मला अजूनही त्यांचाच कान लागणार होता, आणि त्या कानाचं मत आता कोणाचा फोन येतो यावर अवलंबून होतं. मी ठरवलं की एकदा स्वतः जाऊन ऐकावं. मालगाडी खरंच कशी सुटते हे एकदा माझं मला कळलं, की मला मास्तर लागणार नाहीत. इंजिन तेवढं मागून आणीन, रूळ कुठेही टाकता येतात.

दोन दिवसांनी मोटारसायकलवर बदनापूरला गेलो. फलाटाच्या बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होते. जादा रुळावर मालगाडी उभी होती, माल भरलेली, समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत. ती गाडी धूळ उडवत निघून गेली. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मास्तरांसारखे डोळे मिटले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. कण्हणं नाही, काही नाही. पुढच्या डब्याचा खडखडाट कानावर आला तेव्हा मी डोळे उघडले, तर गाडी निघालेली होती.

या मार्गाचं विद्युतीकरण झालेलं आहे. इंजिन विजेचं होतं; कण्हायला डिझेल नव्हतंच.